ग्रहांची नावे आणि ग्रहांची ओळख



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांच्या हाताखाली शिकलेली बरीच मंडळी आज समोर दिसताहेत. गुरुजींची एक सवय तुम्हाला आठवत असेल. वर्गात कोणी बरोबर उत्तर दिले की शाबासकीच्या आधी ते विचारायचे, "हे तुला कसं कळलं?" पुस्तकात आहे म्हटले की पुढचा प्रश्न यायचा, "पुस्तक लिहिणाऱ्याला कसं कळलं?" मुलांना ग्रहांची आणि सूर्यमालेची ओळख कशी करून द्यावी, हा माझा आजचा विषय गुरुजींच्या याच प्रश्नात सामावलेला आहे. ग्रहाचे नाव सांगण्याआधी तो ग्रह मुलाने स्वतः पाहिलेला असावा, आणि त्याच्याबद्दलची निदान एक गोष्ट मुलाला स्वतःच्या पुराव्याने पटलेली असावी, एवढेच मला सांगायचे आहे.

आज दुसरी-तिसरीतले मूल बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ ही नावे एका दमात म्हणून दाखवते. गुरू सगळ्यांत मोठा, शनीला कडी, शुक्र सगळ्यांत तापलेला, हेही सांगते. पाहुण्यांसमोर ते म्हणवून घेताना आईवडिलांना कौतुक वाटते आणि ते योग्यच आहे. पण त्याच मुलाला संध्याकाळी गच्चीवर नेऊन पश्चिमेकडचा ठसठशीत तेजस्वी ठिपका दाखवा आणि हे काय आहे ते विचारा. ते म्हणेल, चांदणी. विमान असेल, असेही म्हणेल. पाठ केलेला शुक्र आणि समोर दिसणारा शुक्र एकच आहेत, हे त्याला कोणी कधी सांगितलेले नसते. पाठांतराला माझा विरोध नाही. पाढे पाठ हवेतच. मात्र ग्रहांचा तो क्रम लावायला माणसाला हजारो वर्षे आकाश पाहावे लागले. ते सगळे पाहणे वगळून मुलाच्या हातात फक्त यादी दिली, तर ती यादी आणि राजधान्यांची यादी यांत त्याला काही फरक वाटत नाही.

सुरुवात कुठून करावी, असे पालक विचारतात. मी सांगतो, संकष्टीपासून. आपल्याकडे महिन्यातून एकदा घरातले मोठे माणूस चंद्र उगवायची वाट पाहत असते, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा छापलेल्या असतात. आजीला उपास सोडायचा असतो, म्हणून कोणीतरी नातवाला गच्चीवर पिटाळते, "बघ रे, आला का चंद्र." खगोलशास्त्राचा इतका चांगला तास दुसरा नाही. त्या मुलाला वहीत दोन गोष्टी लिहायला सांगा: चंद्र किती वाजता दिसला आणि कोणत्या झाडाच्या किंवा इमारतीच्या डोक्यावर दिसला. चार-सहा महिन्यांत त्याच्या लक्षात येते की जागा बदलते आहे. हिवाळ्यात चंद्र ईशान्येकडे सरकून उगवतो, पावसाळ्याच्या तोंडाशी आग्नेयेकडे. मग दिनदर्शिकेतले आकडे त्याच्यापुढे ठेवा. नागपूरचा चंद्रोदय मुंबईच्या आधी सुमारे पंचवीस मिनिटे का? पृथ्वी गोल आहे आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, हे वाक्य त्याने शाळेत लिहिलेले असते. ते वाक्य पंचवीस मिनिटांच्या रूपाने आपल्याच स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेले आहे, हे त्या दिवशी कळते.

चंद्राच्या कलांबद्दल मुलांची, आणि मोठ्यांचीही, एक ठाम समजूत असते की पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र अर्धा दिसतो. ती काढून टाकायला व्याख्यान लागत नाही. शुक्ल अष्टमीच्या सुमारास दुपारी चारच्या दरम्यान मैदानावर जा. चंद्र पूर्वेकडच्या आकाशात बराच वर आलेला असतो आणि सूर्य पश्चिमेला उतरू लागलेला असतो. मुलाला एक पांढरा चेंडू द्या आणि हात लांब करून तो चंद्राच्या शेजारी दिसेल असा धरायला सांगा. चेंडूची पश्चिमेकडची अर्धी बाजू उन्हाने उजळलेली दिसते, उरलेली अंधारी. त्याच्या शेजारचा चंद्रही तस्साच, त्याच बाजूने तेवढाच उजळलेला. चेंडूवर पृथ्वीची सावली पडलेली नाही, हे तर उघडच आहे. तीन दिवसांनी पुन्हा या, चेंडू पुन्हा चंद्राशेजारी धरा. दोघेही आता जास्त उजळलेले. या क्षणी मुले एकदम गप्प होतात, आणि त्यानंतर जी बडबड सुरू होते ती आवरत नाही. कृपा करून ती आवरू नका.

आता सूर्यमालेच्या चित्राकडे येतो. प्रत्येक वर्गात ते चित्र असते: डावीकडे पिवळा सूर्य आणि त्याला लागून एका ओळीत आठ रंगीत गोळे. चित्रकाराचा दोष नाही. कागदच तेवढा असतो. पण या चित्राने मुलांच्या मनात सूर्यमालेची जी कल्पना बसते ती फार दाट, फार गर्दीची असते. खरी सूर्यमाला म्हणजे जवळजवळ सगळी मोकळी जागा, आणि मोकळी जागा चालूनच कळते.

त्यासाठी सगळी अंतरे आणि सगळे आकार एक हजार कोटी पटींनी लहान करा. म्हणजे एक कोटी किलोमीटरचा एक मीटर झाला. सूर्य मग सुमारे १४ सेंटिमीटरचा, एखाद्या मोठ्या सोललेल्या नारळाएवढा. तो शाळेच्या फाटकाशी ठेवा. पुढचे सामान स्वयंपाकघरात मिळते. सहा मीटरला थोडे कमी, तिथे बुध, रव्याचा एक कण. जवळजवळ अकरा मीटरवर शुक्र आणि १५ मीटरवर पृथ्वी, दोन्ही राजगिऱ्याचे दाणे. तेवीस मीटरवर मंगळ, खसखशीचा दाणा. प्रत्येक दाणा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर डिंकाने चिकटवून घ्यायचा, नाहीतर वाऱ्याने मंगळ उडून जातो आणि मुलांचा जीव कासावीस होतो. पृथ्वीच्या पुठ्ठ्यावर, राजगिऱ्यापासून चार सेंटिमीटरला थोडे कमी एवढ्या अंतरावर, टाचणीने एक ठिपका टोचा. तो चंद्र. माणूस पृथ्वीपासून जास्तीत जास्त दूर गेला तो चंद्रापर्यंतच, म्हणजे पुठ्ठ्यावरच्या या दोन बोटांएवढा.

इथपर्यंत मुले रमतात, कारण सगळे हाकेच्या अंतरावर आहे. मंगळानंतर मात्र पंचावन्न मीटर चालायचे आणि वाटेत काही नाही. लघुग्रह आहेत, पण ते सगळे एकत्र केले तरी त्यांचे वस्तुमान आपल्या चंद्राहून कितीतरी कमी भरते. या प्रमाणात ती न दिसणारी धूळ. अठ्ठ्याहत्तर मीटरवर गुरू, एक गोटी. मुलांना हायसे वाटते. एकशे त्रेचाळीस मीटरवर शनी, भिजवलेला काबुली चणा. कड्यांसाठी कागदाची चकती कापून लावा. मग २८७ मीटरवर युरेनस आणि ४५० मीटरवर नेपच्यून, मिऱ्याचे दोन दाणे. नेपच्यूनपाशी उभे राहून मागे वळून पाहायला सांगा. फाटकाशी ठेवलेला नारळ आता दिसतच नाही. "सर, एवढ्या लांबून सूर्य त्याला धरून कसा ठेवतो?" हा प्रश्न मी नेपच्यूनपाशी अनेकदा ऐकला आहे. वर्गातल्या चित्रासमोर मला तो कधीच ऐकू आला नाही. गुरुत्वाकर्षणाचा धडा याच प्रश्नाच्या पाठीवर सुरू करावा.

या चालण्यात दोन गोष्टी मुद्दाम कराव्यात. पहिली अशी. पौर्णिमेच्या संध्याकाळी, चंद्र उगवून जरा वर आला की मुलांना पृथ्वीच्या जागी, राजगिऱ्यापाशी उभे करा आणि एक डोळा मिटून १५ मीटरवरच्या नारळाकडे पाहायला सांगा. मग चंद्राकडे. दोन्ही सारख्याच आकाराचे दिसतात. आकाशात सूर्य आणि चंद्र आपल्याला जवळजवळ एकाच आकाराचे दिसतात, म्हणून हा नारळ खऱ्या सूर्याएवढाच दिसतो आहे. प्रमाण बरोबर आहे याची पावती आकाशच देते. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, हा नियम न मोडता ती मिळते. दुसरी गोष्ट प्रकाशाची. या प्रमाणात प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन सेंटिमीटर होतो, म्हणजे मुंगीची चाल. एका मुलाने फाटकाशी नारळाजवळ खडूने रेघ मारावी आणि सेकंदाला तीन सेंटिमीटर अशी ती पुढे नेत राहावी. पृथ्वीपाशी पोहोचायला आठ मिनिटे वीस सेकंद लागतात. सूर्यप्रकाशाला खरोखर लागतात तेवढीच. नेपच्यूनपर्यंत जायचे तर चार तासांहून जास्त. प्रकाश सर्वांत वेगवान असतो हे तोपर्यंत पाठ असते. इतक्या वेगाने जाऊनही त्याला इतका वेळ लागतो, हे अवकाशाच्या आकाराबद्दल काय सांगते, ते रेघ ओढणाऱ्या मुलाच्या गुडघ्यांना आधी कळते.

कोणी तरी विचारतेच की पुढचा तारा कुठे ठेवायचा. सर्वांत जवळचा तारा या प्रमाणात सुमारे ४,००० किलोमीटरवर येतो. मुंबईच्या शाळेत नारळ ठेवला तर तो तारा जवळजवळ सिंगापूरला. आणि १९७७ मध्ये निघालेले व्हॉयेजर-१, ज्याच्यापेक्षा दूर माणसाने बनवलेली कोणतीही वस्तू गेलेली नाही, ते अजून शाळेपासून अडीच किलोमीटरच्या आसपास, कदाचित शेजारच्या वाडीच्या वेशीपाशी.

चित्रामुळे होणारी आणखी एक गफलत ऋतूंची. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे हे दाखवायला पुस्तकात ती चांगली चपटी काढलेली असते. मुलाला साहजिकच वाटते की पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा आणि लांब गेली की हिवाळा. हे केवळ आपल्याकडचे नाही. १९८७ साली अमेरिकेत एका माहितीपटासाठी हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात २३ जणांना ऋतू का होतात, यासारखे साधे प्रश्न विचारले, तेव्हा २१ जणांची उत्तरे चुकली. बऱ्याच जणांनी अंतराचेच कारण सांगितले. खरी गोष्ट अशी की पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, ऐन थंडीत, आणि सर्वांत दूर असते जुलैच्या सुरुवातीला. आपल्या नारळाच्या सूर्यमालेत हा फरक फक्त अर्ध्या मीटरचा आहे: १४.७ मीटर आणि १५.२ मीटर. मुलांनी दोरी घेऊन ही कक्षा मैदानावर आखली तर ती डोळ्यांना वर्तुळच दिसते. एवढे झाले की अंतराचे कारण ते आपणहून सोडून देतात आणि मग अक्षाच्या कलाकडे लक्ष देतात. शिवाय चार ऋतूंचे युरोपी चित्र आपल्या मुलांच्या गळी उतरवण्याची गरज नाही. आपला प्रदेश कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, सूर्य इथे वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, आणि दुसऱ्यांदा येतो तेव्हा तो ढगांआड असतो. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा यांचा हिशेब आपल्या आकाशावरूनच मांडला पाहिजे.

आता दुर्बिणीबद्दल. घरात मूल आकाशाचे वेड घेते तेव्हा पालक उत्साहाने लहानशी, डुगडुगत्या तिवईची दुर्बीण आणतात. तिच्यातून काही धड दिसत नाही आणि दोन महिन्यांत ती माळ्यावर जाते. तेवढ्याच पैशांत चांगली द्विनेत्री घ्या, १० बाय ५० किंवा ७ बाय ५०, आणि ती खिडकीच्या चौकटीला किंवा तिवईला घट्ट टेकवा. तिच्यातून गुरूचे चार मोठे चंद्र दिसतात.

आमच्या आकाशदर्शनाच्या गटातली सहावीतली एक मुलगी एका हिवाळ्यात रोज रात्री गुरूचे चित्र काढत असे. तिला आम्ही मुद्दाम काहीही सांगितले नव्हते. एका ओळीत एक मोठा गोल आणि त्याच्या आजूबाजूला ठिपके, बस्स. पहिल्या रात्री तिने डावीकडे एक आणि उजवीकडे दोन ठिपके काढले. दुसऱ्या रात्री तिन्ही एका बाजूला. तिसऱ्या रात्री चार. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, काल चौथा कुठे होता?" मी म्हटले, "वही भरत राहा." तिला राग आला. आठवड्याने तीच आली, वही उघडून समोर धरली आणि म्हणाली, "हा आतला आहे ना, तो मागे लपतो. किंवा पुढे येतो आणि त्याच्या उजेडात दिसत नाही. सगळ्यांत बाहेरचा मात्र आळशी आहे." तो आळशी म्हणजे कॅलिस्टो, गुरूभोवती फिरायला जवळजवळ सतरा दिवस घेणारा. आतला आयो पावणेदोन दिवसांत फेरी पुरी करतो.

त्यानंतर मी तिला गॅलिलिओच्या नोंदी दाखवल्या. ७ जानेवारी १६१० च्या रात्री त्याने गुरूजवळ तीन ठिपके पाहिले, दोन पूर्वेला आणि एक पश्चिमेला, आणि ते साधे तारे आहेत असे मानले. ८ तारखेला तिन्ही पश्चिमेला गेले. तेव्हा त्याला शंका आली ती गुरूची: हा कोष्टकांत सांगितल्याच्या उलट दिशेने तर सरकला नाही ना? ९ तारखेला आकाश ढगाळ. १० तारखेला दोनच ठिपके, तेही पूर्वेला, तेव्हा कुठे त्याने ठरवले की हलणारे ते ठिपकेच आहेत. १३ तारखेला चौथा दिसला. त्याच वर्षी मार्चमध्ये ते पुस्तकरूपाने छापूनही झाले. आकाशातल्या सगळ्याच गोष्टी पृथ्वीभोवती फिरत नाहीत, याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा होता. त्या मुलीने ती पाने बराच वेळ पाहिली आणि विचारले, "म्हणजे त्यालाही आधी कळलं नव्हतं?" विज्ञानाच्या इतिहासातून मुलांपर्यंत हेच पोहोचावे, असे मला मनापासून वाटते. तो थोर होता, हे आम्ही सांगतोच. तो तीन दिवस गोंधळलेला होता आणि तरीही रोज नोंद करत होता, हे सांगायला विसरतो.

मोबाइल आकाशाकडे धरला की ग्रहाचे नाव सांगणारी ॲप्स आता घरोघरी आहेत. ती वापरू नका असे मी म्हणणार नाही. मुलाला प्रश्न पडायच्या आधी ती उघडू नका, एवढेच म्हणेन.

आता थोडे नाजूक बोलतो. मराठी घरात मुलाची ग्रहांशी पहिली भेट शाळेत होत नाही, ती पत्रिकेत होते. कोणाला मंगळ आहे म्हणून लग्न अडते, कोणाला साडेसाती लागलेली असते, शनिवारी मारुतीला तेल वाहिले जाते. मूल हे सगळे ऐकत असते. त्याच्या मनात शनी म्हणजे छळणारा कोणीतरी. शाळेतला कडीवाला शनी हा त्याच्यासाठी वेगळाच शनी असतो आणि दोघे सुखाने शेजारी राहतात. मुलाच्या आजीचा उपहास करून हे सुटत नाही. उपहासाने मूल आजीच्या बाजूला जाते, आणि जायलाच हवे. मी त्याला साडेसातीचे गणित घालतो. शनीला सूर्याभोवती एक फेरी करायला साडेएकोणतीस वर्षे लागतात. राशी बारा. म्हणजे एका राशीत साधारण अडीच वर्षे. आपल्या राशीच्या मागची, आपली आणि पुढची अशा तीन राशी मिळून किती? साडेसात. मुलांचे डोळे चमकतात. ज्या शब्दाची घरात भीती वाटते त्यात शनीचा परिभ्रमणकाळ दडलेला आहे, आणि तो कोणीतरी पिढ्यान्पिढ्या आकाश पाहून मोजलेला आहे. त्या मोजणीचा आपण अभिमान बाळगावा. शनी आपल्यापासून १०० कोटी किलोमीटरहून दूर आहे. तिथून तो आपल्या परीक्षेचा निकाल बिघडवतो, हा त्या मोजणीला नंतर चिकटवलेला भाग आहे. मुलाला दोन्ही वेगळे करून दाखवता येतात.

गुरूचेही तसेच. गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ, कन्येत गेला की कृष्णाकाठी कन्यागत. २००३, २०१५, २०२७ असे बारा-बारा वर्षांचे अंतर. मग हरिद्वारचा कुंभमेळा २०१० नंतर २०२१ मध्ये, अकराच वर्षांनी, का भरला? कारण गुरूची फेरी पुरी बारा वर्षांची नाही, ११.८६ वर्षांची आहे, आणि हा फरक साठत साठत अधूनमधून एक वर्ष खातो. लाखो माणसांच्या यात्रेच्या तारखा एका ग्रहाच्या कक्षेवरून ठरतात, ही गोष्ट आठवीच्या वर्गात सांगून पाहा. गणिताचा तास कधी संपला ते कळणार नाही.

भाकिताचे काय, असे मोठी मुले विचारतात. त्यांना मी डॉ. जयंत नारळीकरांचा प्रयोग सांगतो. २००८ साली त्यांनी सांख्यिकीतज्ज्ञ सुधाकर कुंटे आणि नरेंद्र दाभोलकर यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या साहाय्याने २०० मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या, १०० हुशार विद्यार्थ्यांच्या आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या. नावे झाकून त्यांतल्या चाळीस-चाळीस ज्योतिषांकडे पाठवल्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सरासरीने निम्म्याहून कमीच बरोबर आली. नाणे उडवूनही निम्मी येतात. या प्रयोगाची मांडणी मुलांना कळते, आणि त्यांतला एखादा लगेच विचारतो की दोनशेऐवजी दोन हजार कुंडल्या घेतल्या असत्या तर? हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाची मला काळजी वाटत नाही.

आपल्या भाषेत हे काम नवे नाही. दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित शाळाशिक्षक होते. भारतीय ज्योतिषशास्त्राचा मोठा इतिहास त्यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केला. आणि त्याच माणसाने सामान्य वाचकांसाठी 'ज्योतिर्विलास' लिहिले, ज्याचे दुसरे नाव 'रात्रीची दोन घटका मौज' असे होते. विद्वत्ता आणि मौज एकाच हाताने लिहिणारे शिक्षक आपल्याकडे होऊन गेले. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणते आहे. पुण्यातल्याच आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिलेली मुक्तांगण विज्ञानशोधिका आहे, जिथे मुलांनी वस्तू हाताळाव्यात हाच उद्देश आहे. लोणारची सहल तर प्रत्येक शाळा काढू शकते. बुलढाणा जिल्ह्यातले ते जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचे विवर अवकाशातून आलेल्या दगडाने काळ्या बेसॉल्टमध्ये पाडले आहे. तो ज्वालामुखीचा खड्डा असावा असा समज बराच काळ होता. १९७३ मध्ये तिथल्या खडकांत आघाताने बनलेली काच सापडली आणि वाद मिटत गेला. चंद्रावरचे काळे डाग बेसॉल्टचेच आणि तिथली विवरेही अशाच आघातांची, म्हणून लोणारच्या काठावर उभे राहून चंद्राबद्दल बोलता येते. देवळे आणि तळे दाखवून बस परत फिरते तेव्हा मला फार हळहळ वाटते.

मुलांचा या विषयावर अधिकार आहे, हे सांगायला एक उदाहरण पुरेसे आहे. १९३० मध्ये क्लाइड टॉमबॉने नेपच्यूनच्या पलीकडचा नवा गोल शोधला तेव्हा त्याला प्लुटो हे नाव सुचवले ते ऑक्सफर्डच्या अकरा वर्षांच्या व्हेनेशिया बर्नी या मुलीने, न्याहारीच्या टेबलावर, आजोबांशी बोलताना. २०१५ मध्ये प्लुटोजवळून गेलेल्या यानावर धूळकण मोजणारे एक उपकरण होते, विद्यार्थ्यांनी बनवलेले, आणि त्याला तिचेच नाव दिले होते.

शेवटी एक प्रत्यक्ष योजना मांडतो, कारण केवळ ऐकून घरी जाण्यासाठी आपण जमलेलो नाही. कोल्हापूर आणि धुळे नकाशावर जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, कोल्हापूर १६.७ अंश उत्तरेला आणि धुळे २०.९. ६ मेच्या आसपास कोल्हापुरात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्याच दुपारी, साडेबाराच्या सुमारास, धुळ्यात एक मीटरच्या काठीची सावली सात सेंटिमीटरांहून थोडी जास्त भरते. कंपास आणि कोनमापकाने काटकोन त्रिकोण काढला की ४.२ अंशांचा कोन मिळतो. दोन्ही गावांमधले उत्तर-दक्षिण अंतर नकाशावर पट्टीने मोजले तर सुमारे ४६७ किलोमीटर. तीनशे साठ भागिले ४.२, गुणिले ४६७. पृथ्वीचा परीघ जवळजवळ ४०,००० किलोमीटर निघतो. बावीसशे वर्षांपूर्वी इरॅटोस्थेनिसने इजिप्तमध्ये अलेक्झांड्रिया आणि आस्वान या दोन गावांवरून हेच केले होते. त्याच्याकडे फोन नव्हता. आपल्या मुलांकडे आहे.

उत्तर पहिल्या झटक्यात ४०,००० येणार नाही. सावली मोजताना अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली तर उत्तर अडीच-तीन हजार किलोमीटरने हलते. सूर्य ठिपका नाही, तबकडी आहे, त्यामुळे सावलीचे टोक जवळजवळ एक सेंटिमीटर धूसर असते आणि त्याच्या मधोमध खूण करावी लागते. काठी ओळंब्याला लावून सरळ करावी, जमीन पाण्याच्या पातळीने तपासावी, आणि बारापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करून त्यांतली सर्वांत आखूड सावली घ्यावी. आलेला आकडा फळ्यावर तसाच लिहा, ३७,००० असो वा ४३,०००, आणि चूक कुठे शिरली ते मुलांनाच शोधू द्या. मेमध्ये शाळांना सुट्टी असते, तरी ज्यांना घरच्या अंगणात काठी रोवता येईल अशी पाच-सात मुले प्रत्येक गावात मिळतील. कोल्हापूर-धुळ्याशिवाय इतर जोड्याही जमतील. पुण्यात हा दिवस १३-१४ मेच्या सुमारास येतो, नागपुरात २६ मेच्या. ज्या शिक्षकांना आणि पालकांना यात भाग घ्यायचा आहे त्यांनी कार्यक्रम संपल्यावर थांबावे. महाराष्ट्राचा मोठा नकाशा मी बरोबर आणला आहे, गावांच्या जोड्या आजच ठरवू.